एक हजार तेरा मीटर

साहेब, अकरा मुलांची शाळा तुम्ही पळवलीत. दिवसाढवळ्या, दोन सह्यांत. पहिली सही शाळेचं मागचं फाटक बुजवायच्या हुकमावर. दुसरी त्यानंतर दीड महिन्यानं, नव्या नियमावर: शाळेच्या प्रवेशद्वारापासून रस्त्यानं एक हजार मीटरच्या आत राहणाऱ्यांनाच पहिलीत प्रवेश. दोन कागद दोन फायलींत ठेवलेत, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की कुणी ते जोडून वाचणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं तोंड दिसत नाही म्हणतात. आता उतरा खाली आणि बघा.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे. एकोणीस घरं, सगळी एकाच रांगेत, म्हणून नाव पडलं मागची ओळ. चौथ्या घरात एक गवंडी राहतो. त्याला सगळे सूतभर म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि या माणसाला कामात तेवढाही फरक खपत नाही. त्याची बायको त्याच्याच हाताखाली काम करते. माल कालवायचा, घमेलं उचलायचं, विटा हातात द्यायच्या. "लग्नात माझी मान जरा कलली होती," ती बायकांना सांगायची, "तर हे सरळ करायला ओळंबा आणायला निघाले होते."

त्यांची मुलगी भिंगरी. सहा वर्षांची, आणि एका जागी बसेल तर शपथ. पूर्वी त्यांच्या दारापासून शाळेचं मागचं फाटक एक्केचाळीस पावलांवर होतं. भिंगरी त्या फाटकाला नाक लावून उभी राहायची. आतल्या वर्गाची खिडकी उघडी असायची, मुलं पाढे म्हणायची आणि ही बाहेरून म्हणायची. शाळेत पाऊल न टाकता तिचे बारापर्यंतचे पाढे पाठ झाले होते. एकदा आतला एक मुलगा आठ सक्कंला अडला, तर हिनं बाहेरून ओरडून सांगितलं, अठ्ठेचाळीस. बाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाल्या, "तू पुढच्या वर्षी ये गं माझ्या वर्गात. याला जरा आराम मिळेल."

मग सुट्टीत कंत्राटदारानं सूतभरला काम दिलं. शाळेचं मागचं फाटक काढायचं आणि तिथं भिंत घालायची. कशाला, असं बायकोनं विचारलं. सुरक्षेसाठी, कंत्राटदार म्हणाला आणि साहेबांच्या सहीचा हुकूम दाखवला. सुरक्षा म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. दोघांनी दोन दिवसांत काम उरकलं. सूतभरनं जुन्या भिंतीच्या रंगाच्या विटा शोधून आणल्या, सांधे जुन्या सांध्यांना असे जुळवले की विचारू नका. शेवटच्या दिवशी तो चार पावलं मागं सरला आणि बायकोला म्हणाला, "सांग बघू, फाटक कुठं होतं?" तिला सांगता आलं नाही. तिनं तोंडभरून कौतुक केलं. आपल्याच हातानं विटा देऊन आपल्या पोरीला भिंतीबाहेर काढलं, आणि वर शाबासकीही दिली. पुढं कित्येक दिवस ती स्वतःला हेच ऐकवत राहिली.

कारण दीड महिन्यानं नियम आला. आता शाळेला एकच दार, पुढच्या बाजूला, नव्या वसाहतीच्या तोंडावर. मागच्या ओळीतून तिथं जायचं तर गल्लीच्या टोकाला बाहेर पडा, गिरणीला वळसा घाला, पेट्रोलपंपावरून वळा, मग लांबच लांब मोठा रस्ता आणि मग दार.

दुसरी शाळा नाही असं नाही. आहे. हमरस्त्यापलीकडं. खोल्या दोन, वर्ग चार, शिक्षक एक. तो एकही सरकारी पाहणीच्या कामाला गेला की चौथीतली मुलगी पहिलीला शिकवते आणि दुसरी-तिसरी आपली आपण दंगा करतात. या शाळेत अठरा शिक्षक, पुस्तकांची खोली, प्रयोगशाळा, मैदान. दोन्ही शाळांच्या पाटीवर शिक्का एकच आहे, साहेब. एकाच आईच्या दोन लेकी, एक पाटावर आणि एक उकिरड्यावर.

अर्जात एक रकाना होता. घरापासून प्रवेशद्वारापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये, अर्जदाराने स्वतः भरावे.

"लिहा नऊशे," बायको म्हणाली. "कोण येतंय बघायला?"

"मोजल्याशिवाय कसं लिहू?"

"अहो, अर्ज आहे तो. पाया नाही खणायचाय."

"चुकीचं माप लिहून वर सही करू?" सूतभरनं असं तोंड केलं, जणू ती त्याला चोरी करायला सांगत होती.

मग काय, तीस मीटरचा टेप निघाला. एका टोकाला ती, शून्य धरून. दुसऱ्या टोकाला तो, खडूची खूण करत. ती खुणेवर यायची, तो पुढं जायचा. गिरणी गेली, पंप गेला, मोठा रस्ता आला. तेहेतिसाव्या खुणेला ती उभी राहिली आणि तिनं टेपाचं टोक पोटाशी धरलं.

"नऊशे नव्वद झाले. आता पुढं एक पाऊल टाकाल तर बघा."

"दार पुढं आहे ना."

"असू दे. हात लांब करा आणि लागलं म्हणा."

तो हसला आणि पुढं गेला. वर तेवीस मीटर भरले. एक हजार तेरा.

"तेरा मीटर गिळा," ती म्हणाली. "पोरीसाठी गिळा."

"मी जन्मात सूत गिळलं नाही, तेरा मीटर कसे गिळू? आणि तिथं माणसंच बसलीयेत की. भिंत दिसते त्यांना. तेरा मीटरसाठी कुणी मूल परत पाठवतं का?"

तिनं कपाळावर हात मारला, पण त्याच्या बोलण्यावर थोडा विश्वासही ठेवला. चूक इथं झाली. पण खरी चूक त्यापुढची. गल्लीत बातमी गेली की सूतभरनं टेपानं मोजलंय. आणखी दहा घरांत पहिलीत जाणारी मुलं होती. सगळे अर्ज घेऊन आले. गवंड्याचं माप, त्यावर कोण शंका घेणार? त्यानं प्रत्येकाच्या उंबऱ्यापासून हिशेब करून आकडा काढून दिला, वर चहाही पाजला. गल्लीच्या तोंडाला राहणाऱ्या पंक्चरवाल्याचे भरले एक हजार दोन.

"दोन मीटर?" पंक्चरवाला कळवळला. "अरे, मी हवेचा पंप बाहेर ठेवतो ना, तिथून मोज की."

"पंपात तुझं पोरगं राहतं का?"

"राहील बाबा. आजपासून राहील."

सगळे हसले. शेवटच्या घरातल्या शिंपिणीचे एक हजार अडुसष्ट भरले. तीही हसली.

यादी शाळेच्या फलकावर लागली. घेतलेली मुलं साठ. न घेतलेल्यांच्या कागदावर वरचे अकरा मागच्या ओळीतले. कारण: अंतर.

त्या दिवशी गल्लीत कुणी हसलं नाही. शिंपीण दारात आली. तिनं आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "भाऊजी, कात्री माझ्या हातात असते. पण कापलंत तुम्ही." पंक्चरवाल्यानं सूतभरकडं पाहणं सोडलं. सूतभर बाहेर आला की तो चाकात तोंड घालायचा. सूतभरनं दोन दिवस थापी हातात घेतली नाही. बायको भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडलीही नाही. ती तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला हाताला धरून फलकापाशी घेऊन गेली.

"वाचा," ती म्हणाली. "नावं नका वाचू. घेतलेल्यांचे आकडे वाचा."

यादीत नाव, पत्ता, अंतर असं सगळं होतं. तो वाचू लागला. नऊशे. आठशे पन्नास. नऊशे. सातशे. नऊशे पन्नास. नऊशे. तिला वाचायला फारसं येत नव्हतं, पण विटा मोजून हयात गेली होती, आकडे तिला कळत होते. "सगळ्यांच्या शेवटी शून्य," ती म्हणाली. "साठच्या साठ घरं शून्यावर बांधलीत का?"

सूतभरनं आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "टेपाला शून्यावर थांबायची सवय नसते."

पुढचे दोन रविवार दोघं साठ पत्त्यांवर फिरली. ती शून्य धरायची, तो खूण करायचा. वसाहतीच्या पहिल्याच दारात रखवालदारानं अडवलं. "काय मोजताय?"

सूतभर खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तिनं त्याच्या पायावर पाय दिला. "गटाराचं काम आहे," ती म्हणाली.

रखवालदारानं दार सताड उघडलं. गटार म्हटल्यावर सगळी वसाहत वाटेतून बाजूला झाली. एका बाईनं खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाली, "दोन वर्षं झाली हो, वास येतो. कधी सुरू करणार?" ती म्हणाली, "साहेबांची सही झाली की लगेच." पुढच्या वळणावर सूतभर कुरकुरला, "खोटं कशाला बोलायचं?" ती म्हणाली, "ज्यानं नऊशे लिहिलं त्याची पोरं वर्गात बसलीत आणि तुम्ही खरं लिहिलंत तर तुमची पोरगी भिंतीला टेकून बसलीय. चोर सोडून संन्याशाला फाशी. आता गप टेप ओढा."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी हिशेब झाला. साठपैकी चौतीस घरं एक हजाराच्या बाहेर. आठशे पन्नास लिहिलेलं एक घर दोन हजार सातशे साठवर भरलं. तिथून मूल रोज मोटारीनं येतं. सूतभरनं सगळं एका मोठ्या कागदावर आखून लिहिलं, रेघा पट्टीनं मारल्या, आणि तो कागद घेऊन तो पहिला पंक्चरवाल्याकडं गेला. पंक्चरवाल्यानं चाकातून डोकं काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एवढंच म्हणाला, "चल, कधी जायचं?"

अकरा घरांनी मिळून तक्रार केली. सुनावणीची तारीख मिळाली. अकराही घरांतून माणसं आली, पण आत दोघांनाच सोडलं: सूतभर आणि त्याची बायको. बाकीची बाहेर दारापाशी उभी. आत कारकुनाचं टेबल, साहेबांचं, म्हणजे तुमचंच, टेबल, आणि भिंतीला लावलेल्या चार रिकाम्या खुर्च्या. बसा असं कुणी म्हटलं नाही.

साहेबांनी कागद उचलला, वास घेतल्यासारखा जवळ नेला आणि खाली ठेवला. "हे कुणी मोजलं?"

"मी," सूतभर म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"गवंडी."

"खाजगी मोजणी ग्राह्य नाही."

"मग सरकारी करा. आमची हरकत नाही. टेप हवा तर माझा घ्या."

कारकून खुदकन हसला आणि साहेबांनी पाहिल्यावर खोकला. साहेब म्हणाले, "मोजणीची तरतूद नाही. अर्जदार जे लिहितो ते आम्ही धरतो."

"त्यांनी खोटं लिहिलंय."

"तसं म्हणायला पुरावा लागतो."

"हा काय."

"खाजगी मोजणी ग्राह्य नाही, हे सांगितलं आत्ताच."

सूतभरची बायको इतका वेळ मागं उभी होती. ती पुढं आली. "साहेब, आमचे एक हजार तेराही ह्यांनीच मोजले, याच टेपानं. ते कसे धरलेत?"

"ते तुम्ही स्वतः कबूल केलंय, बाई. सहीनिशी."

कबूल. तिला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. खरं लिहिलं तर कबुली, खोटं लिहिलं तर अर्ज. शेजारी सूतभर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता, जणू ती काटकोनात आहे की नाही हे बघत होता. त्याची ही खोड तिला माहीत होती. रडू आलं की तो काहीतरी मोजायला लागतो.

"आणि फाटक?" ती म्हणाली. "मागचं फाटक असतं तर आम्ही एक्केचाळीस पावलांवर आहोत. ते का बुजवलंत?"

"सुरक्षा."

"कुणापासून? सहा वर्षांच्या मुलांपासून?"

"तो वेगळा विषय आहे. वेगळी फाईल."

"सही तर तीच आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. कारकुनाला म्हणाले, "तू जरा बाहेर जा." कारकून गेला. मग साहेब उठले, स्वतः जाऊन दार लावलं, परत आले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा झाला. "बसा. बसा ना, वहिनी."

दोघं बसली.

"तुमची मुलगी हुशार आहे म्हणे. बाई सांगत होत्या शाळेतल्या. पाढे वगैरे पाठ." साहेब हसले. "एका मुलाच्या वडिलांची बदली झालीय. एक जागा रिकामी आहे. उद्यापासून पाठवा तिला. मी आत्ता चिठ्ठी देतो." त्यांनी मोजणीचा कागद दोन बोटांनी सरकवला. "फक्त हे परत घ्या. खाली दोन ओळी लिहा, गैरसमजातून तक्रार केली होती, मागे घेतो. बस. तुमचंही काम झालं, माझंही."

पेन टेबलावर आलं. सूतभरनं पेनाकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्याच्या नजरेत प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाची त्यालाच लाज वाटत होती.

तिनं हो म्हटलं होतं. तोंडानं नाही, पण आत हो म्हणून झालं होतं, साहेबांचं बोलणं संपायच्या आधीच. भिंगरी वर्गात बसलेली तिनं पाहिलीसुद्धा, पहिल्या बाकावर, पाय हलवत. दुसऱ्या बाजूला हमरस्ता, दोन खोल्या, आणि चौथीतल्या मुलीच्या हातातली छडी. आई आहे ती, साहेब. तुम्ही ज्या जागी बोट ठेवलंत ती जागा तुम्हाला बरोबर माहीत होती. तिचा हात पेनाकडं गेलाही असेल.

पण दाराखाली फट होती आणि फटीतून पायताणं दिसत होती. एक जोडी शिंपिणीची. टाचेचा पट्टा तुटलेला, दोऱ्यानं शिवलेला. शेजारी पंक्चरवाल्याच्या काळ्या चपला. ते दाराला कान लावून उभे नव्हते. दाराकडं पाठ करून उभे होते. टाचा आत दिसत होत्या. आत गेलेली आपली माणसं आहेत, मग ऐकायचं काय, असं उभे होते.

तिला साहेबांचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. आणि त्या रागातच तिला ते दिसलं, इतकं सोपं की हसू यावं.

"साहेब, ही जागा कुठल्या नियमानं?"

"विशेष बाब म्हणून."

"आणि अंतर?"

"ते बघून घेऊ. त्याची काळजी तुम्ही करू नका."

"मघाशी तर म्हणालात, आम्ही कबूल केलंय म्हणून. एक हजार तेरा."

"मी सांगतोय ना, होऊन जाईल."

"म्हणजे एक हजार तेरावरची पोरगी चालते?"

सूतभरचं टेबलावरचं बोट थांबलं.

"जागा नको असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहा. पोरगी उद्या येईल, दप्तर घेऊन येईल. पण कागद आम्ही मागे घेणार नाही. एक हजार तेरा चालत असतील तर एक हजार दोन का चालत नाहीत? अडुसष्ट का चालत नाहीत? आणि चालत नसतील, तर माझी पोरगी कशी चालते?"

"हे बघा, तुम्ही विषय उगाच वाढवताय. दिलेली संधी घालवाल."

"आमच्या तोंडाला पानं पुसताय आणि वर त्याला संधी म्हणताय?"

"आवाज कमी करा."

ती उठली. सूतभरही उठला, आणि त्यानं टेबलावरचा मोजणीचा कागद उचलला नाही, तर साहेबांच्या बाजूला फिरवून सरळ ठेवला, कडेला कड लावून, वाचता येईल असा. पेन त्यानं त्याच्यावर ठेवलं. ती दारापाशी गेली, कडी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. बाहेरची माणसं वळली. शिंपीण, पंक्चरवाला, त्यांच्या मागं बाकीचे, आणि सगळ्यांच्या मागं स्टुलावर बसलेला कारकून.

"इथूनच सांगा, साहेब," ती म्हणाली. "आत पाऊल टाकलं तेव्हा आम्ही तेरा मीटर लांब होतो. अर्ध्या तासात जवळ आलो. काय सरकलं, आमचं घर की तुमची शाळा? आणि जरा मोठ्यानं बोला. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे."